पाय न हलवता गेलेला बैल

१

आधीच सांगून ठेवते. यातला शब्दन् शब्द खरा आहे! माह्या डोक्यावर हात ठेवून सांगते, अन् बाजूले पेपर वाचत बसलेल्या आमच्या बुढ्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगते. खोटं असन तर माही बत्तीशी पडो. पडलीच आहे म्हणा, पण दोन दात उरले आहेत, तेही पडोत.

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्याच्यानंतरची गोष्ट. वाटणीत आमची वाघटेकडी भंडाऱ्याकडं राह्यली. टेकडी एवढी उंच, का वरते भजे तळले तर खालते तुमसरच्या राईस मिलमधले लोक नाक वर करून उभे राहात. तिच्यावर बसली गिरीशोभा सोसायटी. मिलवाले, रिटायर मास्तर, बँकवाले, सगळ्याइनं हवेसाठी प्लॉट घेतले. माह्या पोरानंही घेतला, अन् आमाले दोघाले वरते आणून ठेवलं.

हवा चांगली होती. पण नियम! वाळवण पुढच्या अंगणात टाकाचं नाही. जोरानं खोकलाचं नाही, हा नियम लिहिला नव्हता एवढंच. पोळ्याच्या दिवशी दाराले पळसाच्या फांद्या लावतो न आपण, मेढे म्हणतो त्याइले, ते लावाले बंदी. कचरा होते म्हणे. रस्त्याच्या दोन्ही बाजूले चुना लावलेले दगड एका ओळीत. एखादा तिरपा झाला तर सेक्रेटरी घनश्यामभाऊले चहा गोड लागत नसे.

तर पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकारी मी अंगणात चूळ भरून राह्यली होती, तर सोसायटीचे अध्यक्ष श्यामराव हॉलसमोरून बोंबलले,

"माहा बैल नेला! अरे, माह्या आज्याचा बैल नेला कोणीतरी!"

चूळ माह्या तोंडातच राह्यली.

२

बैल म्हणजे खरा नाही, लाकडाचा. मोठ्याइचा पोळा झाला का दुसऱ्या दिवशी लेकराइचा तान्हा पोळा. लाकडाचे बैल सजवून लेकरं मिरवतात. कोणाचा बैल वितीएवढा, कोणाचा हातभर. श्यामरावाचा बैल मात्र गोऱ्ह्याएवढा! सागाचा, खाली चार चाकं, शिंगाले पितळी शेंब्या. आज्यानं कोंढ्याच्या सुताराकडून घडवून घेतला होता. पोळ्याच्या संध्याकाळी त्याची पूजा करून हॉलसमोर उभा करत, अन् दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यापर्यंत तिथून हलवत नसत.

सगळे जमले. कोणी एका जागी उभं राहीना. हॉलकडून गेटाकडं, गेटाकडून हॉलकडं, नुसत्या येरझारा. आभाळ भरून आलं होतं, वारा सुटला होता, अन् संध्याकाळी बैल नाही तर तान्हा पोळा कायचा?

"घरंगळला असन जी," माहा बुढा म्हणाला. "उतार आहे."

"घरंगळला कसा?" श्यामराव भडकले. "मी सोता चाकाले मोठा दगड लावला होता. दगड कुठं आहे? बैल सोताहून गेला असता तर दगड जागेवर राहिला असता. कोणीतरी हातानं काढला! अन् मी पार शिवेपर्यंत पाहून आलो. रस्त्यावर बैल नाही."

गोष्ट बरोबर होती.

तेवढ्यात घनश्यामभाऊ पुढं आले. प्रेस केलेला शर्ट, हातात टॉर्च, दिवसाही. "शोधाची गरजच नाही," म्हणे. "काल संध्याकाळी अश्विन काय बोलला, सगळ्याइनं ऐकलं आहे."

ऐकलं होतं. अश्विन म्हणजे विजेच्या खात्यातला पोरगा, सी-सातमध्ये भाड्यानं राहे. त्याची बायको तृप्ती खालच्या टोलीत, म्हणजे पायथ्याच्या वस्तीतल्या शाळेत शिकवे. अश्विननं काल विचारलं होतं, टोलीतल्या लेकराइले तान्ह्या पोळ्याले वरते येऊ द्याल काय. घनश्यामभाऊ म्हणाले, बाहेरच्याले गेटाच्या आत परवानगी नाही, नियम आहे. अश्विनचं डोकं फिरलं. सगळ्याइसमोर म्हणाला,

"मंग उद्या तुमचा बैलच खालते जाईन पोट्ट्याइकडं. तवा नियम दाखवा त्याले!"

अन् बैल गेला होता.

"संध्याकाळी मिटिंग," घनश्यामभाऊ म्हणाले. "बैल परत येत नाही तर सी-सात रिकामं."

मी अश्विनकडं पाह्यलं. तृप्ती त्याचा हात धरून त्याले घराकडं नेऊन राह्यली होती.

३

मी त्याइच्या घरी गेली तर तृप्ती भांडे पेपरात गुंडाळून खोक्यात भरत होती.

"काय व हे?" मी म्हटलं. "मिटिंग झाली नाही अजून."

"झाल्यासारखीच आहे, आजी. हे घर भेटाले कितीक महिने गेले, तुमाले माहीत नाही. फोनवर घर रिकामं राहे. आडनाव सांगितलं का घर आधीच दिलेलं निघे." तिनं कप गुंडाळला, पुन्हा उघडला, पुन्हा गुंडाळला. "आता तर चोर म्हणून निघाचं. मंग कोण देईन?"

अश्विन खिडकीपाशी फेऱ्या मारत होता. "मी बोललो ते रागानं बोललो, आजी. बैल मी नेला नाही."

"माहीत आहे."

"कसं माहीत?"

"तुह्यानं गॅसचं सिलिंडर वरते चढत नाही, माह्या पोराले बोलावतो. तू गोऱ्ह्याएवढा सागाचा बैल कसा नेशील, रे?"

तृप्ती हसली. डोळ्यातून पाणी आलं, पण हसली. मी म्हटलं, खोकं बंद नको करू, मी येते. अन् पदर खोचून निघाली. तुमाले खोटं वाटन, पण तरुणपणी मी एकोडीच्या जंगलात वाघाच्या मागं लागून आमची बकरी सोडवून आणली होती. (बुढा म्हणते कुत्रं होतं. त्याले चष्मा तवाही होता.) तर एका लाकडी बैलाचं काय!

पहिलं गाठलं गेटावरच्या टेकचंदले. पोळ्याच्या रात्री जो तो थोडी घेतोच, म्हणून सकाळपासून त्याले कोणी धड विचारलंही नव्हतं.

"टेकचंद, गेटातून काय गेलं सकारी?"

"सांगून काय फायदा, मावशी? सेक्रेटरी साहेब म्हणतात तू पेला होता."

"पेला होता काय?"

"पेलो होतो. पण संध्याकाळी! पहाटं तर मी कडुनिंबाची काडी चावत उभा होतो. उजेड व्हाचाच होता." त्यानं इकडं तिकडं पाह्यलं अन् आवाज खाली आणला. "बैल गेला, मावशी. आडव्या दांड्याखालून गेला. पाय न हलवता! पायाचा आवाज नाही, घुंगराचा तेवढा आला. माह्याकडं पाह्यलं त्यानं अन् उतारानं निघून गेला. मी हात जोडले."

"मागं कोणी माणूस?"

"कोणीच नाही."

"पक्कं?"

"मावशी, माणूस असता तर मी कायले हात जोडले असते?"

म्हणजे बैल घरंगळलाच होता. चाकाले श्यामरावानं तेल पाजलं असन, म्हणून आवाज नाही. बुढ्याचं बरोबर होतं, पण हे मी त्याले अजून सांगितलं नाही. फक्त दगड कोणी काढला? अन् बैल उतारानं खालते गेला, तर खालते तो दिसत काहून नाही?

४

दुसरी गाठली कौशल्याबाई. दरवर्षी तान्ह्या पोळ्यात तिच्या नातवाच्या बैलाचा दुसरा नंबर. पहिला कोणाचा, ते सांगाले नको. तिचं घर हॉलच्या थोडं वरते. दारात पाय ठेवला नाही तर ती सुरू झाली.

"आली का चौकशी कराले? मले वाटलंच! मी काढला म्हणे दगड! अन् बैल काय माह्या पलंगाखाली आहे काय? जा, पाहून ये!"

"कौशल्या, मी काही म्हटलं काय व?"

"म्हणाची गरज नाही, तुह्या नाकावर दिसते. मले राग आहे, हो आहे. नातवाच्या बैलाले मी झुली सोता विणल्या, रात्री जागून. पण तो बैल मी कायले नेऊ? तो नसन अन् माह्या नातवाचा पहिला आला, तर लोक काय म्हणतीन? बैल नव्हता म्हणून आला. तसा पहिला नंबर मले नको."

मले पटलं. रागीट बाई खोटं बोलत नाही. तिले तेवढी फुरसत नसते.

"अन् दगडाचं म्हणशील," ती पुढं म्हणाली, "तर तो दगड माह्याच दारापुढचा! ओळीतला. काल संध्याकाळी श्यामरावानं मले न विचारता उचलून नेला चाकाले लावाले. दात पडल्यावानी फट दिसे माह्या घरापुढं. मी त्याले बोलली बी, पूजा झाली का परत आणून ठेवजो. तो कुठं ठेवते!"

मी तिच्या दारातून बाहेर पाह्यलं.

अन् जागच्या जागी उभी राह्यली.

कौशल्याबाईच्या घरापुढं फट नव्हती.

५

मी तिथून निघाली ती सरळ टेकडी उतरून खालच्या टोलीत. एका जागी बसवतच नव्हतं मले. संध्याकाळ जवळ येऊन राह्यली होती, अन् डोळ्यापुढं तृप्तीचं ते खोकं.

सोसायटीचा रस्ता एकदम सरळ उतरते. शिवेजवळ एकच वळण, वळणावर मोठं मोहाचं झाड, झाडाखाली खड्डा. ना तो टोलीचा, ना सोसायटीचा. खड्ड्यात पळसाच्या फांद्याचा ढीग पडला होता, माह्या कमरेएवढा. मी बाजूनं गेली, नीट पाह्यलंही नाही. आपण पाहातच नाही न तिकडं.

टोलीत मालनबाई अंगणात तांदूळ निवडत होती. जुनी ओळख, माह्या डोळ्यासमोर वाढलेली.

"मालन, इकडं लाकडाचा बैल आला काय व? गोऱ्ह्याएवढा?"

"नाही, माय. श्यामरावही विचारून गेले. कोणीच नाही पाह्यला."

"सकारी सगळे उठले होते न?"

"उठले म्हणजे! नारबोद नव्हता काय काढाचा? अंधारातच निघाले सगळे. घरोघरचे मेढे उपटले, ओरडत ओरडत उजाडता उजाडता शिवेवर नेले. 'रोगराई, खोकला, ढेकूण घेऊन जा रे नारबोद!' तुमी वरचे लोक तर विसरलेच सगळं."

"अन् टाकले कुठं?"

"मोहाखाली, खड्ड्यात. दरवर्षीचंच आहे."

"तवा त्या खड्ड्यात काही होतं काय?"

मालनबाई माह्याकडं पाहातच राह्यली. मी जशी काही वेडीच झाली.

"कोण पाह्यते, रुखमामाय? दुरून फेकाचं अन् वळाचं. मागं पाहाचं नाही. पाह्यलं तर फेकलेलं सगळं संगं घरी येते. तूच नाही काय शिकवलं आमाले, लहानपणी?"

मीच शिकवलं होतं! मी तिच्या सुपातले मूठभर तांदूळ तोंडात टाकले अन् टेकडी चढाले लागली. म्हातारं माणूस पळत नाही म्हणतात. मी पळाली. वाटेत दोन माकडं दम खाऊन बसले, मी पुढं निघून गेली.

वरते आली तर श्वास तोंडात मावेना. कौशल्याबाईच्या घरापुढं त्या ओळीतल्या दगडापाशीच टेकली. अन् तिथंच दिसला: दगडाच्या आतल्या बाजूले कुंकवाचा डाग. ताजा, लालभडक. पूजेच्या वेळी बैलाच्या चाकाले कुंकू लावतात, ते दगडाले लागलं.

"आजी!" तृप्ती शोधत आली होती. "मिटिंग सुरू झाली. तुमी इथं काय करून राह्यल्या? अन् कपाळ पुसा, कुंकू सगळं फिसकटलं तुमचं."

"घामानं, माय," मी म्हटलं. "उठव मले."

६

हॉलसमोर सगळी सोसायटी. लेकरं आपापले बैल घेऊन कोपऱ्यात चुळबुळत. घनश्यामभाऊ उभे, अश्विन समोर, एकटा.

"सदस्याइचं मत आहे का सी-सात..."

"माहा एक सवाल आहे जी," मी म्हटलं.

"आजी, अजेंड्यावर नाही."

"माहं वयही अजेंड्यावर नाही, तरी आहे. श्यामराव, चाकाले दगड कुठला लावला?"

"कौशल्याबाईच्या घरापुढचा," श्यामराव म्हणाले.

"म्हणजे काल तिथं फट होती. कौशल्या, होती न? चला, पाहू आज आहे काय."

सगळे उठले. येरझारा घालाले कारणच पाहिजे होतं त्याइले. ओळ पूर्ण होती. एकही फट नाही.

"आता सांगा," मी म्हटलं, "चोर कसा असते? बैल नेते, अन् मंग अंधारात दगड उचलून, चढ चढून, ज्या जागचा होता त्याच जागी, सुतात लावून ठेवते? असा चोर भंडारा जिल्ह्यात नाही. गोंदियातही नाही. या सोसायटीत ओळीतून निघालेला दगड ओळीत परत ठेवणारा माणूस किती?"

सगळे एकाच माणसाकडं पाहू लागले.

घनश्यामभाऊ लाल झाले. "दुसरा दगड असन तो! आजीले काय समजते! पुरावा आहे काय?"

मी वाकून दगड फिरवला. आतली बाजू वरते आली.

"बैलाच्या पूजेचं कुंकू," मी म्हटलं. "दुसऱ्या दगडाची पूजा झाली असन तर सांगा."

घनश्यामभाऊनं टॉर्च लावला. दिवसाउजेडी. डागाकडं पाह्यलं, अन् टॉर्च धरलेला हात खाली आला.

"मी पहाटं फिराले निघालो," ते हळूच म्हणाले. "अंधार होता. दगड रस्त्याच्या मधात दिसला. मले वाटलं कोण्या पोट्ट्यानं काढून टाकला. मी उचलून ओळीत लावला. अन् तसाच वरच्या पाण्याच्या टाकीकडं गेलो."

"अन् समोर गोऱ्ह्याएवढा बैल उभा होता, तो?" श्यामराव ओरडले.

"मी बैल पाह्यलाच नाही जी," घनश्यामभाऊ म्हणाले. "मी दगडच पाहतो."

कोणीतरी हसलं. मंग सगळेच. अश्विन मात्र हसला नाही. "बैल कुठं आहे, आजी?"

"तू म्हटला होता तिथंच. चला खालते."

७

मोहाखाली सगळे जमले. टोलीतले लोकही आले, लेकरं घेऊन. टेकचंद गेट सोडून सगळ्याइच्या पुढं.

"बैल वळला नाही," मी म्हटलं. "त्याले वळता येते काय? सरळ येऊन खड्ड्यात उतरला. त्याच्यावर टोलीनं नारबोद टाकला, अन् कोणीच मागं पाह्यलं नाही. या ढिगाखाली आहे."

श्यामराव पुढं सरसावले, हात लांब केला, अन् थांबले. हात मागं घेतला. टोलीचे लोकही मागं सरले. साऱ्या गावाची रोगराई त्या फांद्यात!

"हात नका लावू जी!" कौशल्याबाई ओरडली. "घरात लेकरं आहेत!"

घनश्यामभाऊनं टॉर्च लावून बंद केला. मी सोता? खरं सांगते, मीही हात पदरात लपवले. बैल हातभर अंतरावर अन् कोणी काढेना.

अश्विननं बाह्या वरते केल्या. "आमच्या घरी हे मानत नाही," म्हणाला, अन् खड्ड्यात उतरला.

एकेक फांदी काढून बाजूले टाकत गेला. आधी पितळी शेंबी चमकली. मंग पाठ, मंग झूल. बैल उभाच होता, मान थोडी तिरपी, जसा काही विचारून राह्यला होता, एवढा वेळ कुठं होते बे?

टेकचंद ओरडला, "हाच! हाच माह्याकडं पाहून गेला!"

श्यामराव खड्ड्याच्या काठावर बसले अन् लेकरासारखे रडले. मंग उठून अश्विनच्या खांद्यावर दोन्ही हात ठेवले.

"चला, वरते नेऊ," कोणीतरी म्हणालं.

"वरते?" कौशल्याबाई कमरेवर हात ठेवून उभी राह्यली. "नारबोदात निघालेली वस्तू परत वस्तीत? माह्या दारावरून नेऊन तर पाहा!"

"टोलीतही नको, माय," मालनबाई म्हणाली.

झालं. बैल ना वर जाऊ शके, ना खाली. सगळे घनश्यामभाऊकडं पाहू लागले. याच्यावर नियम नव्हता. त्याइनं खूप वेळ विचार केला, अन् मंग म्हणाले, "मोहाखाली गेट नाही. म्हणून... म्हणून परवानगीचा प्रश्न येत नाही."

तान्हा पोळा तिथंच झाला. सोसायटीचे लेकरं अन् टोलीचे लेकरं, सागाचे बैल अन् मातीचे बैल, ज्याले बैल नव्हता त्यानं विटेले दोरी बांधून आणली. घनश्यामभाऊ पुढं उभे राहून बैल एका ओळीत लावत होते. सरळ ओळ, सुतासारखी. पहिला नंबर कौशल्याबाईच्या नातवाचा आला, श्यामरावाचा बैल समोर उभा असतानी. ती रडली, अन् म्हणाली डोळ्यात धूळ गेली.

तृप्तीनं रात्री खोकं उघडलं. पहिले जो कप निघाला, त्यात मले चहा दिला.

अशी गोष्ट. शब्दन् शब्द खरा. बैल खरा, नारबोद खरा, घनश्यामभाऊचा टॉर्च खरा. माकडं बी खरे. वाघाचं मी बुढ्याशी नंतर पाहून घेईन.

बरं, एक सांगून टाकते, नाहीतर दोन दात जातीन. त्या दगडावर कुंकू नव्हतं. चुना होता नुसता, पांढरा फटक. घनश्यामभाऊ पुरावा मागतीन हे मले टेकडी चढतानाच समजलं होतं.

म्हणून माह्याच कपाळावरचं अर्धं काढून लावलं.